सुंभ जळला तरी पीळ जात नाही: गाठींची भूमिती आणि उकळत्या झऱ्यातले जंतू

तिरपी_रेघ
शनिवार, रात्री ९:४०

जुन्या कॅलेंडरचं एक पान घ्या. त्यातून दोन बोटं रुंद आणि हातभर लांब पट्टी कापा. टोकं नुसती जुळवून चिकटवली तर बांगडी होते, आणि ती मधोमध कातरली की दोन सुट्या बांगड्या मिळतात. आता दुसरी पट्टी घ्या. चिकटवण्याआधी एका टोकाला पूर्ण एक पीळ द्या, म्हणजे छापील बाजू फिरून पुन्हा वर येईल. चिकटवा आणि मधोमध कातरत जा. याही वेळी दोन बांगड्या निघतील, पण एकमेकींत अडकलेल्या. दोन पीळ दिलेत तर दोनदा अडकलेल्या. मग ओढा, वाकवा, चुरगळा, कागद फाडल्याशिवाय त्या सुटत नाहीत.

मी मुलुंडला राहते, ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. मुलगी कलिन्याला गणितात एमएस्सी करतेय आणि तिने टोपॉलॉजी घेतली आहे, म्हणजे ओढलं-वाकवलं तरी आकाराचं जे बदलत नाही त्याचं गणित. मागच्या आठवड्यात डोंबिवलीला एका साखरपुड्यात जवळच्याच एका नातलगाने तिला सगळ्यांदेखत विचारलं, "या गाठी मोजून पोट भरणार आहे का?" ती काही बोलली नाही. येताना लोकलमध्येही खिडकीबाहेर बघत बसली. मला ते फार लागलं. घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघी पट्ट्या कापत बसलो आणि तिने मला जे सांगितलं ते इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

डीएनए म्हणजे एकमेकांभोवती पिळलेले दोन धागे, एवढं शाळेत सगळे शिकतात. एक गोष्ट सांगायची राहून जाते. बहुतेक जिवाणूंमध्ये या धाग्यांना मोकळी टोकं नसतात, डीएनए मिटून कडं झालेलं असतं. म्हणजे आपली पिळून चिकटवलेली पट्टीच. तिच्या दोन कडा म्हणजे दोन धागे. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूच्या कड्यात दोन धाग्यांना शिडीच्या पायऱ्यांसारख्या जोडणाऱ्या साधारण ४६ लाख जोड्या असतात आणि दर साडेदहा जोड्यांमागे एक वेढा. भागाकार करा, सव्वाचार लाखांच्या वर वेढे होतात. आणि पेशीचे दोन भाग होताना हे दोन धागे पूर्ण वेगळे व्हावे लागतात. सव्वाचार लाखांतली एक अडकण जरी उरली तरी दोन्ही नव्या पेशी एकमेकींना बांधलेल्या राहतात.

दोन बंद वळ्या एकमेकींत किती वेळा अडकल्या आहेत हे मोजण्याचं सूत्र गाउसने १८३३ साली लिहून ठेवलं होतं. पुढे १९५९ ते १९६१ या काळात कालुगरेआनू नावाच्या रुमानियन गणितज्ञाने दाखवलं की ही अडकण दोन गोष्टींची बेरीज असते, पट्टीचा स्वतःचा पीळ आणि पट्टीने घेतलेलं वेटोळं. परकराची नाडी दोन्ही हातांत ताणून धरा, एका हाताने दहाबारा पीळ द्या आणि मग हात हळूहळू जवळ आणा. नाडी स्वतःभोवतीच गुंडाळू लागेल. पीळ कमी झाला तसं वेटोळं वाढलं, बेरीज तेवढीच राहिली. कालुगरेआनूच्या डोळ्यापुढे डीएनए नव्हता, नुसत्या वक्ररेषा होत्या. १९६५ साली कॅलटेकमध्ये जेरोम व्हिनोग्राड यांना एका विषाणूच्या डीएनएच्या कड्यात नेमकी अशीच वेटोळी आढळली, आणि त्यांचा हिशेब लावायला १९७१ साली फुलर नावाच्या गणितज्ञाने हीच बेरीज पुढे केली. औषध शोधायचं म्हणून ती कुणी शोधली नव्हती.

आता उकळता झरा. तापवलं की डीएनएचे धागे सुटू लागतात. मग ८०-९० अंशांत राहणारे जीव काय करतात? १९८४ साली किकुची आणि असाई या जपानी संशोधकांना गरम आम्लात वाढणाऱ्या सल्फोलोबस या जीवात एक एन्झाइम मिळालं. आपल्या नेहमीच्या जिवाणूंमध्ये गायरेज नावाचं एन्झाइम असतं, ते डीएनएचा पीळ थोडा सैल ठेवतं म्हणजे धागे उघडायला सोपे जातात. या नव्या एन्झाइमचं काम बरोबर उलटं. ते पीळ आणखी आवळतं. नाव पडलं रिव्हर्स गायरेज, आणि जे जीव ८० अंशांच्या वर सुखाने जगतात त्या सगळ्यांत ते सापडतं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण हट्टी माणसासाठी वापरतो. मला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की हे तर प्रमेय आहे.

इथे वैद्यकातले, प्रयोगशाळेतले बरेच जण आहेत. औषधांच्या बाजूने कुणी भर घालेल का?


कोलंबीभात
शनिवार, रात्री १०:०५

पट्टी कापून बघितली. हातात अडकलेल्या दोन बांगड्या आल्यावर मुलाने माझ्याकडून त्या हिसकावूनच घेतल्या. ताई, लेकीला सांगा की तिच्यामुळे गोरेगावात एक दहा वर्षांचा मुलगा अजून जागा आहे.


रात्रपाळी
शनिवार, रात्री ११:५०

मी डॉक्टर आहे, मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या समोरच्या औषधाच्या ट्रॉलीवर आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन.

तुम्ही लिहिलंत की कागद फाडल्याशिवाय बांगड्या सुटत नाहीत. जिवाणूही तेच करतो. गायरेज आणि त्याचं भावंड असलेलं एन्झाइम डीएनएचे दोन्ही धागे चक्क तोडतं, त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग पलीकडे काढतं आणि तोडलेलं पुन्हा सांधतं. सांधेपर्यंत तुटलेली टोकं स्वतःच्या हातात घट्ट धरून ठेवतं. सिप्रोफ्लॉक्सासिन नेमक्या त्या क्षणी फटीत जाऊन बसतं. सुतार लाकडाच्या चिरेत पाचर ठोकतो ना, तसं. मग सांधा जुळत नाही, ठिकठिकाणी तुटकी टोकं उरतात आणि जिवाणू मरतो. आपल्या पेशींतही याच जातीचं एन्झाइम आहे, पण त्याची घडण वेगळी असल्यामुळे नेहमीच्या मात्रेत ही पाचर तिथे बसत नाही.

या औषधांचा मूळपुरुष नॅलिडिक्सिक आम्ल. क्लोरोक्विन बनवताना निघालेल्या एका जोडपदार्थावरून तो मिळाला, साल १९६२. गायरेजचा शोध मार्टिन गेलर्ट यांनी लावला १९७६ साली. म्हणजे औषध आधी हातात आलं आणि ते कुठे पाचर मारतं हे कित्येक वर्षं कुणाला माहीत नव्हतं. अडकण मोजणारं गणित हाताशी नसतं तर गायरेज काय करतं हे नुसतं तपासणंही अवघड होतं.

एक विनंती. एके काळी टायफॉइडवर सिप्रो हुकमी होती. गायरेजमधलं एकच अमिनो आम्ल बदललं तरी पाचर नीट बसत नाही, आणि तसे बदललेले जंतू आता आपल्याकडे सर्रास आहेत. त्यामुळे टायफॉइडला आज भारतात तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. मेडिकलमध्ये जाऊन परस्पर दोन गोळ्या मागून घेणं कृपया थांबवा. दर वेळी आपण जंतूंना सरावाला एक संधी देतो.

अजून एक सांगतो, कारण यात आपला माणूस आहे. धागा तोडून पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमची आणखी एक जात आहे, ती एकच धागा तोडते. तिला पकडणारं औषध म्हणजे कॅम्पटोथेसिन. मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते एका चिनी झाडातून वेगळं करून १९६६ साली जाहीर केलं. वाणी यांचा जन्म नंदुरबारचा, १९२५ चा, आणि एमएस्सी मुंबई विद्यापीठाची. पुढे टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषधही याच जोडीने दिलं. कॅम्पटोथेसिन नक्की कशाला पकडतं हे कळायला मात्र १९८५ साल उजाडलं. त्यापासून बनवलेलं इरिनोटेकान आतड्याच्या कर्करोगाला आम्ही आजही देतो. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही हेच द्रव्य आहे, आणि त्यापायी नरक्याची अमाप तोड झाली.


चाफेकळी
रविवार, सकाळी ७:१५

नंदुरबार माझं माहेर. हे नाव मला आज पहिल्यांदा कळलं, खरंच. वाचतेय, लिहीत राहा.


शून्यवत
रविवार, सकाळी ९:३०

रात्रपाळी यांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. एन्झाइम दोन्ही धागे तोडून पलीकडे नेतं की एकच, हे डोळ्यांनी न बघता कसं ओळखलं, ती गणिताची फार सुंदर गोष्ट आहे.

नाडीचं वेटोळं पुन्हा बघा. नाडी जिथे स्वतःला ओलांडते तिथे एक भाग वर असतो, एक खाली. त्या ओलांडणीला आपण दिशेप्रमाणे अधिक एक किंवा वजा एक असा गुण देतो. आता वरचा भाग तोडून खालून काढला तर अधिक एकचा वजा एक झाला. फरक किती? दोन. म्हणजे दोन्ही धागे तोडणारं एन्झाइम असेल तर डीएनएच्या कड्याची अडकण दर वेळी दोनानेच बदलायला हवी. एकच धागा तोडणारं असेल तर एकाने. १९७९ साली ब्राउन आणि कोझारेली यांनी एकच ठरावीक अडकण असलेली कडी घेऊन गायरेजला दिली. मग पिळाप्रमाणे कडी वेगवेगळी करणाऱ्या जेलीच्या थरातून ती सरकवली, तेव्हा पट्टे आले ते दोन-दोनच्या टप्प्याने. त्या सम आकड्यांवरून कात्री कशी चालते ते सिद्ध झालं.

ताईंच्या नातलगांच्या प्रश्नाबद्दल. गाठींचं शास्त्र मुळात एका चुकीच्या कल्पनेपायी वाढलं. १८६७ साली केल्व्हिन या भौतिकशास्त्रज्ञाला वाटलं की अणू म्हणजे ईथरमध्ये, म्हणजे सगळीकडे भरलेलं मानलं जाणाऱ्या एका अदृश्य माध्यमात, पडलेल्या गाठी. म्हणून टेट या त्याच्या मित्राने वर्षानुवर्षं खपून गाठींचे तक्ते केले. ईथर गेलं, कल्पना गेली, तक्ते राहिले. शंभर वर्षांनी एन्झाइमने डीएनएला पाडलेल्या गाठी ओळखायला जीवशास्त्रज्ञ त्याच प्रकारचे तक्ते उघडून बसले.

आणि मुंबईकरांनी हा प्रश्न विचारावा याचं मला वाईट वाटतं. कुलाब्याला समुद्राला लागून टाटा इन्स्टिट्यूट उभी आहे. तिथे नरसिंहन आणि शेषाद्री या दोघांनी वक्रांवरच्या सदिश-गुच्छांबद्दल एक प्रमेय सिद्ध केलं, १९६५ साली प्रसिद्ध झालं. वरवर बघता त्याहून अमूर्त काही नसेल. पुढे भौतिकशास्त्रातल्या गेज सिद्धांताचा अभ्यास करणाऱ्यांना तेच प्रमेय नव्याने भेटलं आणि १९८३ साली अतिया आणि बॉट यांनी त्यावर आपलं काम उभं केलं. मी विद्यार्थी असताना शेषाद्रींचं एक व्याख्यान ऐकलं होतं. फळ्यावर त्यांनी आकृती अशी काढलीच नाही, पण हात हवेत असे फिरत होते की जणू ती वस्तू समोर टांगलेली आहे.


मीठ_भाकर
रविवार, दुपारी १:२०

मी भांडुपचा, आगरी. आजोबा मिठागरात काम करायचे. उन्हाळ्यात वाफ्यातलं पाणी आटत आलं की ते आधी गुलाबी, मग विटकरी दिसायला लागायचं. आजोबा म्हणायचे, पाणी लाल झालं की मीठ आलं. बांधावरून चालताना त्याचा एक उग्र वास यायचा, तो अजून नाकात आहे. पायाला चिर असेल तर त्या पाण्यात पाय घालवत नसे, एवढं ते झोंबायचं. आता बरीचशी मिठागरं नुसती पडून आहेत.

कुणीतरी सांगितलं होतं की तो रंग जंतूंचा असतो. इतक्या खारट पाण्यात जंतू? आणि यातलं काही औषधात येतं का?


प्रयोगवही
रविवार, दुपारी ४:४५

मीठ_भाकर, आजोबांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. तो रंग मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा, मुख्यतः हॅलोआर्किया आणि ड्युनालिएला नावाचं शेवाळ. गाजराच्या रंगाच्या कुळातली द्रव्यं त्यांच्या अंगात असतात, रणरणत्या उन्हापासून तीच त्यांना वाचवतात. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासून कारण सांगितलं तेही हॅलोआर्कियाच. लोणारचं पाणी तर खारट असून वर साबणासारखं अल्कधर्मीही आहे.

आणि धागा भूमितीचा आहे म्हणून हे सांगायलाच हवं. जगभरच्या मिठागरांत एक जीव सापडतो, तो चक्क चौकोनी असतो. गोल नाही, कांडीसारखा नाही, सरळ कडांचा सपाट चौकोन, पाव मायक्रॉनही जाड नसलेला. अँथनी वॉल्स्बी यांनी तो १९८० साली सिनाईतल्या एका खाऱ्या डबक्यात पाहिला. वाढताना त्याचे तुकडे होतात तेही टपाल तिकिटांच्या न फाडलेल्या पानासारखे, चौकोनाला चौकोन लागून. प्रयोगशाळेत तो वाढवायला २००४ साल उजाडावं लागलं. आतून दाब असला की पेशी फुगून गोल होते, फुग्यासारखी. इतक्या खारट पाण्यात आतलं आणि बाहेरचं क्षारांचं प्रमाण जवळपास सारखं असतं, म्हणून फुगवणारा दाबच उरत नाही आणि पेशीला कोपरे परवडतात. मला हा जीव फार आवडतो.

औषधाचं म्हणाल तर एक्टोइन. माझ्या बहिणीने जर्मनीहून नाकात मारायचा फवारा आणला होता, ॲलर्जीसाठी, त्यात हेच होतं. १९८५ साली ते इजिप्तच्या वादी नत्रून इथल्या सोडा सरोवरातल्या एका जिवाणूत सापडलं. बाहेर मीठ वाढलं की असा जिवाणू आत एक्टोइन साठवतो, म्हणजे पाणी निघून जात नाही आणि प्रथिनांभोवती पाण्याचं अस्तर टिकून राहतं. आपल्या नाकाच्या, डोळ्याच्या अस्तरावरही ते तेच करतं. कारखान्यात ते काढायची पद्धत ऐका. हॅलोमोनास नावाचा जिवाणू आधी खूप खारट पाण्यात वाढवतात, मग एकदम कमी मिठाच्या पाण्यात टाकतात. फुटायच्या भीतीने तो आतलं एक्टोइन बाहेर सोडून देतो. ते गाळून घ्यायचं आणि जिवाणूला पुन्हा खाऱ्या पाण्यात ठेवायचं. या पद्धतीला त्या लोकांनी दूध काढणं असंच नाव दिलं आहे.

ताई, तुमच्या मूळ लेखात एक दुरुस्ती सुचवते, राग मानू नका. रिव्हर्स गायरेज आहे म्हणजे डीएनए नेहमी जास्त पिळलेलाच असतो असं नाही. थर्मोटोगा हा जीव ८० अंशांत वाढतो, त्याच्याकडे दोन्ही गायरेज आहेत, आणि त्याच्यातलं डीएनएचं छोटं कडं सैल पिळाचं निघालं. थर्मोकोकस या दुसऱ्या जीवातून २००४ साली रिव्हर्स गायरेजचा जीनच काढून टाकला, तरी तो ९० अंशांपर्यंत रडतखडत वाढला. ९३ अंशांना मात्र थांबला. तेव्हा हे एन्झाइम नक्कीच लागतं, पण नुसता पीळ आवळून भागत नाही. पेशीतले क्षारही मदतीला असतात, आणि मुळात कडं बंद असणं हेच मोठं संरक्षण आहे.

हे शेवटचं मी रोज हाताने करते. जिवाणूतून डीएनएची छोटी कडी, म्हणजे प्लाझ्मिड, वेगळी काढायची तर नळीत अल्कली घालतो. सगळ्या डीएनएचे धागे सुटतात. मग आम्ल घालून परत जागेवर आणतो. मोठ्या डीएनएचे एव्हाना तुकडे झालेले असतात, त्यांचे धागे एकमेकांपासून लांब गेलेले असतात, त्यांचा पांढरा चोथा होतो. छोट्या कड्यांचे धागे सुटले तरी अडकलेलेच, पळणार कुठे? ते क्षणात पुन्हा जुळतात आणि वरच्या निवळीत राहतात. इन्सुलिन बनवणाऱ्या जिवाणूत जीन घालायचा तरी ही कडी लागतात. तुमच्या मुलीला सांगा, मुंबईतल्या कितीतरी प्रयोगशाळांत ही गाठ रोज उपयोगी पडते.


रोखठोक
रविवार, रात्री ८:१०

चांगली चर्चा चालली आहे, पण स्पष्ट विचारतो. असल्या बातम्या गेली वीस वर्षं वाचतोय. समुद्राच्या तळाशी कर्करोगावर औषध सापडलं, वाळवंटात सापडलं. माझा भाऊ कर्करोगाने गेला. तेव्हा अशा प्रत्येक बातमीचं कात्रण मी जपून ठेवायचो. त्यातलं एकही त्याच्यापर्यंत पोचलं नाही. किती खरी औषधं निघाली यातून?


रात्रपाळी
रविवार, रात्री ११:१५

रोखठोक, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. प्रश्न योग्य आहे आणि गुळमुळीत उत्तर देणार नाही.

उदाहरण घ्या. बहामा बेटांजवळच्या समुद्रतळाच्या गाळातल्या एका जिवाणूतून सॅलिनोस्पोरामाइड नावाचं द्रव्य मिळालं, २००३ साली जाहीर झालं. पेशीतला प्रथिनांचा कचरा जिथे तोडला जातो ती यंत्रणा ते बंद पाडतं, आणि कर्करोगाच्या पेशींचं त्यावाचून फार अडतं. मेंदूच्या ज्या गाठीवर आमच्याकडे सगळ्यात कमी उपाय आहेत, तिच्यावर ते रुग्णांवरच्या चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत तपासलं गेलं. रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. बातमी आली तेव्हा मोठी होती, हा निकाल कुणी पहिल्या पानावर छापला नाही. काचेच्या बशीत पेशी मरणं आणि माणूस बरा होणं यांमध्ये बहुतेक द्रव्यं गळतात.

पण उपचाराला उपयोगी पडलं ते नेहमी गोळीच्या रूपात येतं असंही नाही. थॉमस ब्रॉक यांना अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यात थर्मस ॲक्वाटिकस हा जिवाणू मिळाला, १९६९ साली त्यांनी तो जगापुढे ठेवला. त्याचं डीएनए बनवणारं एन्झाइम ९५ अंशांतही टिकतं. कॅरी मलिस यांची पीसीआर पद्धत, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं, त्याच्या जोरावर सोपी झाली. कोविडमध्ये नाकात काडी घालून जी तपासणी झाली तिच्या मुळाशी हेच एन्झाइम आहे. आज आमच्याकडे टीबीचा जंतू रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला दाद देतो की नाही हे दोन तासांत कळतं, तेही पीसीआरमुळेच. पूर्वी त्यासाठी कित्येक आठवडे थांबायचो आणि तोवर रुग्ण चुकीची औषधं घेत राहायचा.


लोकल_८_वीस
सोमवार, सकाळी ८:५०

वज्रेश्वरीच्या कुंडात पण हे जंतू असतील का? दर वर्षी जातो आम्ही.


प्रयोगवही
सोमवार, सकाळी १०:३०

उष्णता आवडणारे जिवाणू असतातच, पण वर ज्यांची चर्चा चालली आहे ते बहुतेक ८० अंशांच्या आसपासचे किंवा वरचे. आपल्या कोकणातली कुंडं तितकी तापत नाहीत.

काल एक सांगायचं राहिलं, आणि ते या धाग्यावर यायलाच हवं. लॅसो पेप्टाइड. दहा-वीस अमिनो आम्लांची छोटी साखळी, तिचं एक टोक मागे वळून स्वतःलाच जोडलं जातं आणि एक कडं तयार होतं. उरलेली शेपटी त्या कड्यातून ओवलेली. शेपटीवर कड्याच्या वर-खाली एकेक जाडजूड अमिनो आम्ल असतं, म्हणून ती मागे सरकत नाही. नाडीच्या टोकाला गाठ मारली की ती नेफ्यात शिरत नाही, तसंच. या आकारामुळे पचवणारी एन्झाइम्स तिला सहसा तोडू शकत नाहीत आणि बऱ्याचशा उष्णतेलाही टिकतात. मायक्रोसिन जे२५ हे त्यातलं गाजलेलं. १९९२ साली सापडलं तेव्हा साधं कडं समजले, २००३ साली कळलं की शेपटी ओवलेली आहे.

चिलीच्या अटाकामा वाळवंटात, जिथे वर्षानुवर्षं पाऊस नसतो, तिथल्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूतून असंच एक पेप्टाइड मिळालं, चाक्सापेप्टिन, २०१५ साली. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींचं पसरणं ते बशीत रोखतं. रोखठोक यांच्यासाठी पुन्हा लिहिते, बशीत. आणि २०२५ साली लॅरिओसिडिन नावाचं लॅसो अँटिबायोटिक जाहीर झालं, जंतूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, नव्या जागी बसणारं. ते कुठे सापडलं म्हणाल तर कॅनडात कुणाच्या तरी परसातल्या मातीत.


शून्यवत
सोमवार, दुपारी १२:०५

यात गणिताच्या दृष्टीने एक मजेदार पेच आहे. लॅसोची शेपटी मोकळी आहे, म्हणून टोपॉलॉजीच्या व्याख्येप्रमाणे ती गाठ नाहीच. दोरा अमर्याद बारीक धरला तर शेपटी सरळ ओढून काढता येते. ती अडते ती जाडीमुळे. तेव्हा जाडी असलेल्या दोऱ्याची भूमिती वेगळी मांडावी लागते, आणि तिच्यात सुटायला अजून बरीच कोडी आहेत. ताईंच्या मुलीला विषय हवा असेल तर हा बघायला सांगा.


रोखठोक
सोमवार, रात्री ९:२५

रात्रपाळी, प्रयोगवही, नीट उत्तर दिलंत, आभारी आहे. टीबीच्या तपासणीचं मला माहीत नव्हतं. मुलीला माझ्याकडून शुभेच्छा सांगा.


तिरपी_रेघ
सोमवार, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रयोगवही, दुरुस्ती मान्य, राग कसला. लेकीने सगळा धागा बसून वाचला. शून्यवत यांचा जाडीचा मुद्दा तिने वहीत उतरवून घेतला आणि मला विचारत होती की हे काका नक्की कुठे शिकवतात. चौकोनी जीवाचं चित्र तिने टेबलाच्या वर चिकटवलंय.


कोलंबीभात
मंगळवार, सकाळी ७:४०

आमच्याकडे पट्ट्यांचा कारखाना सुरू आहे. दीड पीळ देऊन कापलं तर एकच पट्टी निघाली आणि तिला खरीखुरी गाठ बसलेली! ती चिकटवताना नव्हती, मी स्वतः चिकटवली होती.

मुलाचा प्रश्न आहे, त्याच्याच शब्दांत विचारते. एक पीळ देऊन कापल्यावर ज्या दोन अडकलेल्या बांगड्या मिळतात, त्या प्रत्येक पुन्हा मधोमध कापल्या तर चार होतील, पण कोण कुणात अडकेल?


तिरपी_रेघ
मंगळवार, सकाळी ८:०५

त्याला सांग, आधी अंदाज कागदावर लिही, मग काप. पट्टी मात्र जरा रुंद घे, नाहीतर दुसऱ्यांदा कातरताना फाटेल.


कोलंबीभात
मंगळवार, रात्री ८:३०

त्याने अंदाज लिहिला होता की शेजारच्या शेजारच्याच अडकतील. कापलं. चारही बांगड्या वेगवेगळ्या स्केचपेनने रंगवल्या आणि एकेक जोडी हातात धरून तपासली. लाल-निळी, लाल-हिरवी, लाल-पिवळी, निळी-हिरवी, निळी-पिवळी, हिरवी-पिवळी. सहा जोड्या, सहाही अडकलेल्या, प्रत्येक एकेकदाच. आता आठ करायला बसलाय.